हौसाबाईंनी नाव घेतलं नाही

कुडाळहून पुण्याच्या बाजूला माणसं दोनच कामांना जातात, नोकरीला नाहीतर दवाखान्याला. त्यामुळे मी परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी ठणठणीत आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग पिंपरी-चिंचवडला बघण्यासारखं काय असतं गो?" मी "कंपन्या" म्हणून विषय संपवला. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी काय बघितलं हे माझं मलाच नीट उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उलगडेल, या आशेवर बसले आहे.

निमित्त माझ्या भाचीचं. मेघना एका दवाखान्यातर्फे म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर संशोधन करते. कोणाचं विसरणं वयाचं, कोणाचं आजाराचं, आणि आजाराचं असेल तर घरच्यांच्या ते इतक्या उशिरा का लक्षात येतं, असा तिचा विषय. त्यासाठी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे असतात. ते प्रश्न कोणीतरी परक्या भाषेतून असे काही मराठीत आणले होते की "मावशी, शहाणीसुरती माणसंसुद्धा नापास होतायत," असं ती फोनवर कळवळून म्हणाली. मी जन्मभर शाळेत शिकवलं, साक्षरतेच्या वर्गात आजीबाईंच्या हातात पाटी-पेन्सिल दिली. अवघड ते सोपं करून विचारायची खोड मला आहेच. "तू ये, तू विचार, मी नोंदी करते," ती म्हणाली. कोकमाची सोलं, काजूगर आणि सुक्या बांगड्यांचं पुडकं घेऊन मी निघाले. संक्रांत नुकतीच झाली होती.

निगडी

मेघनाचा फ्लॅट प्राधिकरणात आहे. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, बंगल्यांच्या फाटकांवर नावांच्या चकचकीत पाट्या. आमच्याकडे घर शोधायचं तर माणसाचं नाव सांगतात, इथे सेक्टरचा आकडा सांगतात. आकडे एकापुढे एक येत असतील अशी माझी भाबडी समजूत होती. पहिल्याच सकाळी कोथिंबीर आणायला बाहेर पडले आणि तीच इस्त्रीवाल्याची टपरी, तेच गणपतीचं देऊळ, तोच पिवळा बंगला पुन्हा पुन्हा माझ्यासमोर यायला लागला. शेवटी एका गृहस्थाने स्कूटर थांबवून हळू आवाजात विचारलं, "आजी, घरच्यांचा फोन नंबर आहे का जवळ? सोबत कोणी नाही का?" मी विस्मरणाच्या संशोधनासाठी आले आहे, हे काही त्याला सांगवेना. त्यानेच मला फाटकापर्यंत आणून सोडलं आणि वॉचमनला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगून गेला.

त्या दिवशी आमच्या यादीत पहिले होते ते एक निवृत्त इंजिनियर. अख्खी सोसायटी त्यांना साहेब म्हणायची. साहेबांनी तयारी करून ठेवली होती. तारीख, वार, मंत्र्यांची नावं, सगळं धडाधड म्हणून दाखवलं आणि मला विचारलं, "पासिंग कितीला आहे?" मी हसले. मग विचारलं, "काल रात्री जेवायला काय होतं?" साहेबांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा ना." साहेब म्हणाले, "हे पोर्शनमध्ये नव्हतं," आणि स्वतःच मोठ्याने हसले.

गाडीत बसल्यावर मेघना म्हणाली, "मला त्यांची काळजी वाटते."

"अगं, थट्टा केली त्यांनी. तुझ्या काकांना तरी कुठे आठवतं रात्री काय जेवले ते? वाढलं की जेवतात."

"तेच तर कळत नाही ना मावशी. थट्टा की झाकाझाक."

मला ते पटलं नाही. पण रात्री जेवताना मी आदल्या दिवशीची भाजी आठवायला लागले आणि ती काही केल्या आठवेना, तेव्हा जरा धसकाच बसला.

देहू

देहूला नदीच्या अलीकडे एका ओट्यावर उन्हाला बसलेल्या आजोबांना मी आजची तारीख विचारली. ते म्हणाले, "पौष वद्य पंचमी." मेघनाच्या हातातल्या टॅबला पंचमी नको होती, आकडा हवा होता. मी कॅलेंडर उघडून बघितलं, पंचमीच होती. आकडा विचारला तर आजोबा म्हणाले, "ते पोरगं बघतंय मोबाइलमधी. त्याचं त्याला, माझं मला."

इंद्रायणीवर त्या दिवशी पांढरा फेस तरंगत होता. आमच्या कर्ली नदीवर असा फेस दिसला असता तर गाव गोळा झाला असता. इथे कपडे धुणाऱ्या बाईला विचारलं तर "असतोय की," एवढंच म्हणाली. माणूस कशाकशाला सरावतो, याचं मला नवल वाटत राहिलं. आजोबांना मात्र मी मेघनाकडून पूर्ण मार्क मिळवून दिले. माणसाला त्याच्या रीतीने विचारलं की तो बरोबर उत्तर देतो, असा शोध मला लागला होता आणि त्याचा थोडा ताठाही चढला होता. तो घेऊनच मी कुरुळीला गेले.

कुरुळी

चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत आम्ही किती वेळ होतो ते सांगण्यात अर्थ नाही. कुरुळी एकेकाळचं शेतीचं गाव. आता कंपन्यांच्या मधे सापडलं आहे. ज्यांची जमीन गेली त्यांनी घरावर मजले चढवले आणि मजल्यांवर कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या. आम्ही गेलो ते घर तसंच. खाली मालक, वर नांदेड-लातूरकडची बिऱ्हाडं, जिन्यात शिफ्टवाल्यांच्या बुटांची रांग आणि मागे अजून टिकवून ठेवलेल्या दोन म्हशी.

घरात तात्या, त्यांची बायको हौसाबाई, थोरली सून सुनीता. थोरला मुलगा बाळासाहेब कंपन्यांना गाड्या पुरवतो, तो दिवसभर बाहेर. धाकटा संतोष निगडीला फ्लॅटमध्ये राहतो.

आधी जेवणच. सुनीता म्हणाली, "मावशी, मासवडी केलीय." चार दिवस ताज्या मासळीचं तोंड न बघितलेल्या मला भरून आलं. ताटात आली ती बेसनाची वडी, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मी वडीत मासा शोधते आहे हे बघून हौसाबाईंना हसू आवरेना. "आवं बाई, नावालाच मासा त्यो! खावा, काटं न्हाईत." वडी फार चांगली होती. मी दोनदा मागून घेतली आणि हौसाबाई मला एकदम आवडल्या.

तात्यांची चाचणी झटक्यात झाली. गाव कुरुळी, तालुका खेड, वार शुक्रवार. लक्षात ठेवायला दिलेले शब्द विळा, आरसा, केळं. तेही त्यांनी शेवटी न चुकता सांगितले. मग हौसाबाईंची पाळी आली. मेघना म्हणाली, नियम असा की माणसाला एकटं असताना विचारायचं. तात्या हलले नाहीत. "तिला ऐकाया कमी येतं, मी हितंच बसतो." ऐकू तर त्यांना छान येत होतं.

"आजी, आज वार कोणता?"

"म्हातारीला कशाचा वार? समदं वार देवाचंच."

"मुलं किती तुम्हाला?"

"मोजू नये बाई. देवानं दिली तेवढी हायेत."

"सकाळी काय खाल्लं?"

"सुनंनं दिलं त्ये."

"मालकांचं नाव काय?"

हौसाबाईंनी पदर ओढला, लाजून हसल्या. "नाव घ्यायचं आसतं व्हय?"

एकही उत्तर चूक नव्हतं. पोरं मोजू नयेत हे माझी आजीही सांगायची. मी नवऱ्याला खुशाल नावाने हाक मारते, पण माझ्या आईने वडिलांचं नाव कधी उच्चारलं नाही. टपालवाल्याने विचारलं तर ती मला पुढे करायची. मेघना मात्र प्रत्येक उत्तरापुढे 'उत्तर नाही' अशी खूण करत होती. मी तिथेच तिच्याशी भांडले. "ही रीत आहे मेघना, आजार नव्हे. तुझ्या यंत्राला रीत कळत नसेल तर यंत्र नापास."

"मावशी, रीत असेलही. पण रीत बाजूला केल्यावर मागे काय आहे ते दिसायला नको?"

सुनीताला विचारलं तर ती म्हणाली, "आईंचं सगळं व्यवस्थित आहे हो. काम आम्ही सांगतच नाही त्यांना. बाहेर जायचं तर तात्या सोबत असतातच."

निघताना तात्या आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मेघना गाडी वळवायला पुढे गेली तसे ते मला म्हणाले, "बाई, तुमी मॅडमच्या वडीलधाऱ्या. एक सांगतो. पोरांनी आमची वाटनी करून ठेवलीया. तशी पोरं चांगली हायेत, वाईट न्हाईत. पन ठरलंय असं, की दोघांतलं एक आजारी पडलं, की त्याला निगडीला धाकट्याकडं ठेवायचं, दवाखाना जवळ म्हनून. दुसऱ्यानं हितं थोरल्याकडं. लगीन झाल्यापासनं आमी एकमेकाला सोडून ऱ्हायलो न्हाई. तवा तुमच्या मशिनीत काय उगंच यायला नको."

आईबापांची वाटणी आमच्याकडेही होते, नाही असं नाही. पण ती माणसाच्या तोंडून अशी सरळ ऐकली नव्हती. मी त्यांना धीर दिला. "काही येणार नाही तात्या. हौसाबाई माझ्यापेक्षा शहाण्या आहेत. मी ते सिद्ध करून दाखवते."

आणि मला उपाय सुचलाही. दुसऱ्या दिवशी सुनीताकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिने आम्हाला आग्रहाने बोलावलं होतं. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी बाई उखाण्यात नाव घेते, ते तिला मोकळीकच असते. हौसाबाई उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतील, मेघना ऐकेल, प्रश्न मिटेल. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते फेटा सारखा करत उभे राहिले. त्यांची काळजी मिटली असं मी समजले.

हळदीकुंकू

संध्याकाळी घर बायकांनी भरून गेलं. वरच्या खोल्यांतल्या मराठवाड्यातल्या सुना नटूनथटून खाली आल्या होत्या. एकमेकींच्या तिळगुळाला नावं ठेवत होत्या आणि खातही होत्या. वाण म्हणून सुनीता प्लास्टिकचे डबे देत होती. आमच्याकडे संक्रांतीचं इतकं प्रस्थ नाही, आमचा सगळा जीव गणपतीत. पुरुषमाणसं अर्थातच बाहेर. तात्या खिडकीखालच्या पायरीवर बसले होते, आतून मला त्यांचा फेटा तेवढा दिसत होता.

उखाणे सुरू झाले. कोणी शिफ्टवर घेतला, कोणी हप्त्यावर घेतलेल्या गाडीवर. हसून हसून पुरेवाट झाली. मग मीच म्हटलं, "आता आजी!" सगळ्यांनी धोशा लावला.

हौसाबाई ताठ बसल्या, गळा साफ केला आणि खणखणीत म्हणाल्या,

"जोंधळ्याच्या कणसावर पाखरांचा डोळा,
घरधन्याचं नाव घेते, बायका झाल्या गोळा!"

टाळ्या पडल्या. मी मेघनाकडे विजयी मुद्रेने बघितलं. पण लातूरकडची एक पोर ओरडली, "आजी, हे काय! नाव कुठं घेतलं? घरधनी तर समद्यांचेच आहेत!" पुन्हा हशा झाला. हौसाबाईंनी पुन्हा तोच उखाणा म्हटला, त्याच ठेक्यात, आणि नावाच्या जागी पुन्हा घरधनीच. "न्हाई आजी, नाव! नाव!"

तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली. "जोंधळ्याच्या कणसावर पाखरांचा डोळा..." आणि थांबल्या. लाजल्या नव्हत्या. मी शाळेत इतकी मुलं फळ्यापुढे उभी केली आहेत की लाजून गप्प राहिलेलं मूल आणि येत नाही म्हणून गप्प राहिलेलं मूल यांतला फरक मला मूल पाठमोरं असलं तरी ओळखू येतो. बायका अजून हसत होत्या.

तेवढ्यात तात्या दारात येऊन उभे राहिले. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषमाणूस. सगळ्या चपापल्या. हौसाबाईंनी वर बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, सतरंजीवर सरकून जागा केली आणि फार अगत्याने म्हणाल्या, "या पाव्हणं, बसा. कुठल्या गावाचं म्हनायचं तुमी?"

बायका लोटपोट झाल्या. आजींनी काय फिरकी घेतली! फक्त सुनीता हसली नाही. तिच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक तसंच राहिलं. तात्यांचा चेहरा एकदा पडला आणि लगेच त्यांनी तो सावरला. जोडे काढून ते आत आले, भर बायकांत उभे राहिले आणि म्हणाले,

"चाकणच्या बाजारात कांद्याला भाव,
हौसाचं नाव घेतो, कुरुळी माझं गाव!"

पोरींनी शिट्ट्या वाजवल्या. आजोबा रोमँटिक आहेत, असं एकजण म्हणाली. हौसाबाईंचं समाधान झालं. "आमच्याच गावचं की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तात्यांच्या हातावर तिळगुळ ठेवला. तो घेऊन तात्या बाहेर गेले. मला रडायला आलं म्हणून मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. मी काय सिद्ध करायला निघाले होते आणि काय करून बसले, तेच समजेना. मेघनाला कळलं ते बरं झालं की वाईट, हेही समजेना. घरच्यांच्या लक्षात इतकी वर्षं काही आलं नाही ते नेमकं कशामुळे, हौसाबाईंच्या रितीमुळे, सुनेच्या मायेमुळे की तात्यांच्या सोबतीमुळे? मला तर तिन्हीमध्ये नाव ठेवायला जागा दिसत नव्हती.

बाहेर पायरीवर मेघनाने तात्यांना हलकेच विचारलं, "घरी सांगू का?" ते म्हणाले, "सांगा आता. किती झाकू? मीबी दमलोय."

पुन्हा कुरुळी

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून बाळासाहेब घरी होते. मेघनाने त्यांना नीट समजावलं. आईंचं रक्त तपासू, कधी कधी जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा थायरॉइडनेही असं होतं, ते औषधाने सुधारतं. तसं नसलं तर पुढच्या तपासण्या करू. बाळासाहेब आडदांड माणूस, पण ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कसं कळलं नाही मॅडम? रोज बघतो की मी आईला." मग डोळे पुसून ते एकदम कामाला लागले, फोन काढला. "आजच आईला संतोषकडे नेतो. तात्या इथे थांबतील. इथे घर आहे, म्हशी आहेत, भाडेकरू आहेत."

मेघना म्हणाली, "दोघांना वेगळं करू नका. नव्या जागेत त्या आणखी गोंधळतील. आजोबा सोबत असले तर सोपं जाईल."

"मॅडम, त्याचा फ्लॅट केवढासा! हॉलमध्ये दोघं कशी मावणार? आणि तात्यांना काय झालंय? ते तर धडधाकट आहेत."

तात्या कोपऱ्यात बसून होते. शेजारी हौसाबाई सुपात हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. तात्या म्हणाले, "मॅडम, माझी परीक्षा परत घ्या."

"तुमची झाली ना परवा. छान झाली."

"न्हाई झाली छान. मलाबी काय आठवंना झालंय. घ्या परत. बाई, तुमी इचारा."

मेघनाने माझ्याकडे बघितलं. मी तात्यांच्या समोर बसले.

"तात्या, आज वार कोणता?"

"ठावं न्हाई."

"गाव कोणतं हे?"

"ठावं न्हाई."

"मुलं किती तुम्हाला?"

त्यांनी बाळासाहेबांकडे बघितलं. "ठावं न्हाई."

ते धडधडीत खोटं बोलत होते, ते मला कळत होतं, मेघनाला कळत होतं, दारात उभ्या सुनीतालाही कळत होतं. तरी मी विचारत राहिले. माझा तो शोध, ती रीत, ते मार्क, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. आता फक्त एवढंच वाटत होतं की या माणसाने नापास व्हावं.

"बायकोचं नाव काय तात्या?"

तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. नुसतं 'ठावं न्हाई' म्हणायचं होतं, पण ते त्यांच्याच्याने होईना. फेट्याच्या शेमल्याने त्यांनी कपाळ पुसलं. घाटे सोलता सोलता हौसाबाईंनी मान वर केली आणि लेकराला समजवावं तशा म्हणाल्या, "सांगा की पाव्हणं. बायकूचं नाव सांगाया कशाला लाजायचं?"

"हौसा," तात्या म्हणाले.

"अगं बया," हौसाबाईंना केवढं नवल वाटलं, "माझंबी ह्येच नाव हाय!" आणि सुपातले मूठभर हिरवे हरभरे त्यांनी तात्यांच्या ओंजळीत घातले.

बाळासाहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग फोन खिशात टाकत ते सुनीताला म्हणाले, "तात्यांचेपण कपडे भर."